‘गेट’चं दर वेळी ‘मिळवा’ होतंय? भाषांतरातली जुनी अडचण आणि ती सोडवायची रीत

मोबाइलची भाषा मराठी करून बघा, पहिल्याच दिवशी ‘मिळवा’ हे क्रियापद ठिकठिकाणी भेटेल. मदत मिळवा, दिशानिर्देश मिळवा, सूचना मिळवा, अ‍ॅप मिळवा, ओटीपी मिळवा. व्याकरणाच्या दृष्टीने यात खोट काढता येत नाही, पण घरात, दुकानात, ऑफिसात असं कोणी बोलत नाही. या सगळ्यांच्या मागे मूळ इंग्रजीत एकच शब्द उभा असतो: गेट. (फाटकाचं गेट वेगळं. इंग्रजीत दोघांचे उच्चार निराळे आहेत, पण मराठीत आखूड ‘ए’साठी स्वतंत्र अक्षर नसल्यामुळे दोघंही सारखीच लिहिली जातात. या लेखात फाटक कुठेही येणार नाही.)

मी भाषांतरं तपासण्याचं काम करते. अ‍ॅपमधला मजकूर, यंत्रांच्या माहितीपुस्तिका, सबटायटल्स असं सगळं हाताखालून जातं. नव्या भाषांतरकाराची फाइल आली की मी आधी शोधाच्या चौकटीत ‘मिळव’ एवढीच अक्षरं टाकते. जिथे जिथे ती सापडतील तिथे मूळ वाक्य उघडून बघायचं. पदवी, यश किंवा विजय मिळवायचा असेल तर शब्द राहू द्यायचा. बाकी ठिकाणी बहुधा दुसरं काहीतरी हवं असतं. ‘नियंत्रण पॅनेल ओले मिळवू नका’ या थराचं वाक्य रोज येत नाही, पण येतं.

हे होतं कशामुळे

पहिलं कारण सगळ्यांना माहीत असतं. प्रकल्पाच्या शब्दसूचीत कोणीतरी ‘गेट = मिळवा’ असं नोंदवून ठेवलेलं असतं, सॉफ्टवेअर ते दर वेळी पुढे करतं, आणि न पाळल्यास लाल खूण दाखवतं. मुदत जवळ आलेली असते. माणूस लाल खूण घालवतो आणि पुढे जातो.

दुसरं कारण मात्र मराठीच्या पोटातलं आहे, आणि ते लक्षात आल्याशिवाय रोग बरा होत नाही. ‘गेट’च्या सर्वांत सरळ अर्थाला मराठीत ‘मिळणे’ म्हणतात. पण मिळणारी वस्तू इथे कर्ता असते आणि माणूस चतुर्थीत जातो: मला पत्र मिळालं, तिला रजा मिळाली. त्यामुळे ‘तू मिळ’, ‘तुम्ही मिळा’ असा आदेश या अर्थाने देताच येत नाही. इंग्रजी बटण मात्र आज्ञार्थी असतं. मग भाषांतरकार जवळचं प्रयोजक रूप उचलतो, ‘मिळवा’. त्या रूपात खटपट आहे, कमाई आहे. ओटीपी कमवायचा नसतो, तो आपोआप येतो. शिवाय शाळेच्या गणितात ‘मिळवा’ म्हणजे बेरीज करा, ‘दोन्ही बाजूंना ५ मिळवा’. ‘१० टक्के सूट मिळवा’ वाचून क्षणभर तरी माझा हात पेन्सिलीकडे जातो.

म्हणून बटणांसाठी उपाय असा: ‘गेट’ बाजूला ठेवा आणि बटण दाबल्यावर नेमकं काय घडतं ते बघा. ओटीपी येणार असेल तर ‘ओटीपी मागवा’. नकाशावर वाट दिसणार असेल तर ‘रस्ता दाखवा’. अ‍ॅप उतरणार असेल तर ‘डाउनलोड करा’. ‘गेट स्टार्टेड’ला ‘सुरू करा’ पुरे. ‘गेट नोटिफाइड’ला ‘मला कळवा’. ‘गेट हेल्प’ला ‘मदत हवी आहे?’ असं विचारलं तरी चालतं, बटणाने आदेशच द्यायला हवा असं कुठे लिहिलेलं नाही. सूट असेल तर ‘१० टक्के सूट’ एवढंच छापा. क्रियापद गाळलं म्हणून गिऱ्हाईक परत जात नाही.

पुढे काय आलंय ते आधी बघा

बटणं संपली की पूर्ण वाक्यं येतात, आणि तिथे ‘गेट’ हा शब्द कितीही वेळ न्याहाळला तरी अर्थ कळत नाही. अर्थ त्याच्या पुढच्या शब्दात असतो. पुढे नाम आहे, विशेषण आहे, जागा आहे, ‘टु’ आहे की भूतकाळवाचक धातुसाधित (‘रिपेअर्ड’, ‘कॉट’सारखं रूप) आहे, एवढं पाहिलं की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं प्रसंगावरून ठरतं.

पुढे विशेषण असेल तर अर्थ जवळजवळ नेहमी ‘होणे’ या जातीचा. पण तिथेही ‘होणे’ लिहून मोकळं होऊ नका, कारण मराठीत प्रत्येक अवस्थेचं क्रियापद ठरलेलं आहे. अंधार पडतो. उशीर होतो. भूक लागते. कंटाळा येतो. थंडी वाजते. दारू चढते. माणूस आजारी पडतो, दमतो, भिजतो, चिडतो. चहा गार होतो किंवा निवतो. यातल्या प्रत्येक ठिकाणी इंग्रजी माणूस ‘गेट’ म्हणून सुटतो: गेट डार्क, गेट लेट, गेट हंग्री, गेट बोअर्ड, गेट कोल्ड. वर दिलेल्या पॅनेलच्या वाक्यात पुढे ‘वेट’ होतं, म्हणून ‘पॅनेल भिजू देऊ नका’ किंवा ‘पॅनेलवर पाणी पडू देऊ नका’.

‘गेट कोल्ड’मध्ये एक खाच आहे. कर्ता सूप असेल तर ते गार होतं. कर्ता मुलगी असेल तर तिला थंडी वाजते. आणि पुढे ‘अ कोल्ड’ असं उपपद दिसलं तर तिला सर्दी झाली आहे. त्या एका ‘अ’वरून रुग्णाच्या माहितीपत्रकात गडबड होऊ शकते, म्हणून औषधाच्या मजकुरात हे उपपद दोनदा बघावं.

पुढे नाम असेल तर प्रकरण पसरतं. पत्र येतं, नोकरी लागते, धक्का बसतो, मार मिळतो किंवा खाल्ला जातो, बोलणी खावी लागतात, बस मिळते, भाजी आणली जाते, विनोद कळतो. इथे सूत्र लावायचं तर एवढंच की आधी नाम मराठीत आणा आणि मग त्या नामाबरोबर घरात कुठलं क्रियापद येतं ते स्वतःलाच विचारा. उत्तर कोशात शोधायची गरज पडत नाही. ‘विजेचा धक्का मिळू शकतो’ असं यंत्रावर छापणाऱ्या माणसालाही स्वयंपाकघरात शॉक ‘बसतो’ हे माहीत असतं. लिहायला बसला की विसरतो.

पुढे जागा असेल तर पोहोचणे, चढणे, उतरणे, शिरणे, बाहेर पडणे. इंग्रजीत बस, आगगाडी, विमान यांना ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ लागतं, मोटारीला आणि टॅक्सीला ‘इन’ आणि ‘आउट’. मराठीत फारसा फरक पडत नाही, गाडीत बसतो आणि गाडीतून उतरतो. पण ‘गेट डाउन’ आलं की थांबा. भारतीय इंग्रजीत त्याचा अर्थ उतरणे, दादरला गेट डाउन करतात. अमेरिकी पोलिसी मालिकेत गोळ्या सुटल्यावर कोणी ‘गेट डाउन!’ ओरडला तर तो कोणाला गाडीतून उतरवत नसतो. तिथे ‘खाली वाका!’ किंवा ‘आडवे व्हा!’ हवं.

‘गॉट टु’चा चकवा

तपासताना सर्वांत जास्त वेळ इथे जातो, म्हणून जरा सविस्तर.

‘आय गॉट टु मीट हर’ म्हणजे मला तिला भेटायला मिळालं. ‘आय हॅव गॉट टु मीट हर’ म्हणजे मला तिला भेटायलाच हवं. पहिलं झालेलं आहे आणि बोलणारा खूश आहे. दुसरं व्हायचं आहे आणि त्यात सक्ती आहे. मधे फक्त एक ‘हॅव’, तोही लिहिताना आखडून दोन अक्षरांवर येतो आणि बोलताना पुष्कळदा ऐकूच येत नाही. सबटायटल करणाऱ्याच्या हाती आलेल्या संवादपत्रात तो गाळलेलाही असतो, कारण पात्राच्या तोंडची बोली तशीच उतरवलेली असते.

ओळखायचं कसं? पुढचा प्रसंग बघा. भेट होऊन गेली असेल तर ‘भेटायला मिळालं’. पात्र चप्पल घालून निघालं असेल तर ‘भेटायलाच हवं’. संवाद ‘गॉटा’ असा लिहिला असेल तर सहसा सक्तीच समजा. मात्र ‘गॉटा मिनिट?’मध्ये ‘गॉट अ’ दडलेलं असतं, आणि त्याचं मराठी ‘एक मिनिट आहे का?’

प्रश्न आणि नकार आले की गंमत वाढते. ‘डिड यू गेट टु सी द सी?’ म्हणजे ‘समुद्र बघायला मिळाला का?’ ‘हॅव यू गॉट टु डू दॅट नाउ?’ हे इंग्लंडमधलं वळण, आणि त्यात वैताग असतो: ‘आत्ताच करायला हवंय का ते?’ ‘आय डिडन्ट गेट टु युअर मेल’ला ‘मला तुमची मेल मिळाली नाही’ असं केलेलं मी पुन्हा पुन्हा बघते. माणूस म्हणतोय मेल आली, वाचायची राहून गेली. कार्यालयीन पत्रव्यवहारात एवढ्यावरून भांडण होऊ शकतं, कारण एकात दोष सर्व्हरचा आणि दुसऱ्यात दोष वाचणाऱ्याचा. ‘टु’च्या पुढे क्रियापद नाही, नाम आहे, एवढं पाहिलं असतं तर चूक टळली असती: ‘टु’ अधिक नाम म्हणजे तिथवर पोहोचणं.

मराठीकडे ‘करायला मिळणे’ ही रचना आयती आहे, ही आपली चैन. ‘शी गेट्स टु स्टे अप लेट’ला ‘तिला उशिरापर्यंत जागायला मिळतं’ इतकं नेमकं बसणारं दुसरं काही नाही. असं असूनही लोक ‘तिला जागण्याची संधी प्राप्त होते’ असं का लिहितात, कोण जाणे.

करून घेतलं, की होऊन बसलं?

‘गेट’, मग वस्तू, मग धातुसाधित: या रचनेत दोन उलट अर्थ राहतात. ‘ही गॉट हिज कार रिपेअर्ड’: त्याने गाडी दुरुस्त करून घेतली. ‘ही गॉट हिज फिंगर कॉट इन द डोअर’: दारात त्याचं बोट चेमटलं. रचना एकच, पण दुसऱ्यात ‘करून घेतलं’ लिहिलं तर त्याने मुद्दाम बोट दारात घातलं असं होईल. चाचणी सोपी आहे, हे त्याला हवं होतं का? हवं असेल तर ‘करून घेणे’. नको असेल तर मराठीचं साधं अकर्मक क्रियापद घ्या.

आणि ही अकर्मक क्रियापदं आपल्याकडे भरपूर आहेत. तोडणे-तुटणे, फाडणे-फाटणे, सोडणे-सुटणे, फसवणे-फसणे. ‘गेट’ लावून केलेल्या कर्मणीला यांतलं दुसरं रूप पुरतं. ‘ही गॉट चीटेड’: तो फसला. ‘दे गॉट कॉट’: ते सापडले. ‘पकडले गेले’ चूक नाही, पण पानभर ‘गेले, गेली, गेलं’ दिसायला लागलं की समजावं, इंग्रजी वाक्याची सावली पडली आहे. ‘गॉट फायर्ड’ला ‘त्याला काढून टाकलं’, कोणी टाकलं हे सांगायची गरज नाही.

माणसाला मधे घालून ‘टु’ आलं, म्हणजे ‘गेट हिम टु साइन’, तर दोन मार्ग आहेत. गोडीने असेल तर ‘त्याच्याकडून सही करून घे’. दमात घेऊन असेल तर ‘त्याला सही करायला लाव’. इंग्रजी वाक्य या दोघांत निवड करत नाही. कायद्याच्या मजकुरात ही निवड स्वतःच्या मनाने करू नका, विचारा.

चित्र पाहिल्याशिवाय न सुटणारी वाक्यं

‘आयल गेट इट.’ तीन शब्दांचा संवाद. दाराची बेल वाजली असेल तर ‘मी बघते’. फोन वाजला असेल तर ‘मी घेते’. हॉटेलात वेटर बिल ठेवून गेला असेल तर ‘राहू दे, मी देते’. बरणी वरच्या फळीवर असेल तर ‘मी काढून देते’. परीक्षेला बसलेली मुलगी दात ओठ खाऊन म्हणत असेल तर ‘जमेल मला’. फक्त संवादाची यादी हातात असेल तर यातलं एकही ठामपणे लिहिता येत नाही.

‘गेट हिम’चंही तसंच: पकडा त्याला, बोलवून आण त्याला, किंवा कुत्र्याला ‘छू!’ ‘आय डोन्ट गेट हिम’ म्हणजे ‘हा माणूस मला कळतच नाही’. ‘व्हॉट डिड यू गेट हिम?’ म्हणजे ‘त्याच्यासाठी काय आणलंस?’, आणि बहुधा वाढदिवस जवळ असतो. ‘गेट आउट!’ हाकलण्यासाठी असतं तसं अचंब्यासाठीही असतं, तेव्हा ‘काय सांगतेस!’ म्हणावं. ‘गेट लॉस्ट’ला ‘हरवून जा’ लिहिणाऱ्याने आपल्या आजीचं ‘चालता हो’ आठवावं.

‘चालता हो’वरून आठवलं, ‘चालू लाग’ही चालतं. आणि ‘लागणे’ हा आपला घरचा ‘गेट’ आहे. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, झोप लागते, वेळ लागतो, नंबर लागतो, पुढे घाट लागतो, तो माझा मामा लागतो, बोलणं मनाला लागतं, करू लागतो, करावं लागतं. आपण हे सगळं न अडखळता बोलतो आणि मग इंग्रजांचा एक शब्द इतकी कामं कशी करतो म्हणून डोक्याला हात लावतो. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला ‘लागणे’ शिकवून बघा, तो आपल्याला ‘गेट’ माफ करेल.

‘गॉट’ की ‘गॉटन’

अमेरिकी मजकुरात ही दोन रूपं वेगळी कामं करतात. ‘आयव्ह गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. ‘आयव्ह गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी घेतली, किंवा मला ती मिळाली. इंग्लंडच्या मजकुरात दोन्हींना ‘गॉट’च असतं, तेव्हा बहुतेक वेळा ‘आहे’ घ्यावं आणि संदर्भ नकार देत असेल तरच बदलावं. ‘गॉटन’ हा अमेरिकी बिघाड आहे असं सांगणारे लोक भेटतात. ते रूप जुनं इंग्रजीच आहे, इंग्लंडमध्ये ते मागे पडलं आणि अमेरिकेत टिकलं. इंग्लंडलाही ‘फरगॉटन’ सोडवलेलं नाही. ‘फरगेट’ आणि ‘बिगेट’ हे ‘गेट’चे सख्खे चुलत, आणि गंमत म्हणजे ते इंग्रजीत आधीपासून होते. नुसतं ‘गेट’ नंतर आलं, व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतून. तिकडेही ‘गेटा’ म्हणजे मिळवणे, आणि शिवाय ‘करता येणे’.

उलट दिशेचा बिघाड

मराठी माणूस इंग्रजीत लिहितो तेव्हा हाच शब्द दुसऱ्या बाजूने त्रास देतो. वेळ मिळत नाही, रेंज मिळत नाही, रिक्षा मिळत नाही: सगळ्यांचं ‘आय अ‍ॅम नॉट गेटिंग’. भारतात हे सर्वांना कळतं आणि ऑफिसात कोणी हटकत नाही, म्हणून घाबरायचं कारण नाही. बाहेरच्या गिऱ्हाइकाला लिहिताना मात्र ‘कान्ट गेट’ किंवा ‘कान्ट फाइंड’ घ्या. ‘आय अ‍ॅम नॉट गेटिंग यू’ फोनवर म्हणू नये. आवाज येत नाही की मुद्दा कळत नाही, हे पलीकडच्याला ओळखता येत नाही.

रिकाम्या जागा असलेली वाक्यं

अ‍ॅपच्या फायलीत ‘यू गॉट’ आणि पुढे वस्तूची रिकामी जागा अशी ओळ असते. इंग्रजीला त्याचं काही वाटत नाही. मराठीत मात्र मिळालेल्या वस्तूचं लिंग आणि वचन क्रियापदाला लागतं: बिल्ला मिळाला, भेट मिळाली, बक्षीस मिळालं, गुण मिळाले. रिकाम्या जागेत काय येणार हे आधी माहीत नसतं. ‘मिळाला/ली/लं’ अशी तिरक्या रेघांची माळ लावू नका, फॉर्मसारखं दिसतं. क्रियापद काढून ‘तुमच्यासाठी:’ किंवा ‘खात्यात जमा:’ असं लिहून पुढे वस्तू येऊ द्या. त्याच कारणाने ‘गॉट इट’ या बटणाला ‘समजलं’ किंवा ‘ठीक आहे’ सोयीचं पडतं. ‘समजलो’ लिहिलं की वापरणारी बाई गाळली जाते.

शब्दसूचीतली ‘गेट = मिळवा’ ही नोंद काढून टाकायला सांगा, किंवा निदान तिच्यापुढची सक्तीची खूण बंद करून घ्या. ते होईपर्यंत शंका पाठवत राहणं एवढंच हाती आहे. फक्त ‘संदर्भ द्या’ एवढंच लिहिलं तर उत्तर येत नाही किंवा ‘नेहमीप्रमाणे करा’ असं येतं. पर्याय देऊन विचारा, म्हणजे समोरचा एका अक्षरात उत्तर देतो. माझी शंका साधारण अशी असते: ‘ओळ ४१२, गेट इट. वापरणारा इथे (क) वस्तू विकत घेतो, (ख) फाइल उतरवून घेतो, की (ग) सूचना वाचून बंद करतो? शक्य असल्यास पडद्याचा फोटो पाठवा.’ ‘ग’ असं उत्तर आलं की ‘समजलं’ लिहायचं आणि ओळ ४१३ उघडायची.